आधीच्या ट्रेचं चित्र

माझ्या हातून लिहिली गेलेली एक ओळ अंबरनाथच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं रोज वाचली जात होती. वाचणारा संगणक असल्यामुळे ती चुकीची आहे हे कुणी कळवलं नाही. शेवटी कळवलं ते एका बाईंनी, ज्यांना ती ओळ वाचता येत नव्हती. त्यांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. लिहिल्याने काही होणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

त्या कारखान्यात कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात. कुकरच्या झाकणावर शिट्टीच्या बाजूला पितळेची एक छोटी गुंडी असते आणि ती उडेपर्यंत घरातलं कोणी तिच्याकडे बघत नाही. गुंडीच्या मधोमध भोक असतं आणि त्यात मऊ धातूचा एक थेंब बसवलेला असतो. त्याला तिथे सगळे प्लग म्हणतात. कुकर मर्यादेबाहेर तापला की प्लग वितळतो, वाफ निघून जाते आणि डाळ छताला लागत नाही. प्लग बसवायचाच राहिला तर स्फोट वगैरे होत नाही. कुकर नुसता फुसफुसत बसतो, शिट्टी देत नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावाने ओरडतं. म्हणून चोवीस व्हॉल्व्हचा एकेक ट्रे रंगीत कॅमेऱ्याखालून जातो. संगणक चोवीस भोकांत चोवीस प्लग आहेत का ते बघतो आणि पडद्यावर हिरवी किंवा लाल चौकट दाखवतो.

कॅमेऱ्यातलं चित्र आधी संगणकात बसवलेल्या एका कार्डावर येतं. त्या कार्डावरून ते कसं वाचायचं, एवढा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. माझी ती पहिली नोकरी. तेव्हा मला सगळं येत असे. नंतर मी बाहेर पडलो आणि फिरत फिरत ज्या कामाला लागलो त्यावरच आजही जगतो: ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातली मेमरीची व्यवस्था. हल्ली हे काम मी बदलापुरात, कात्रपच्या घरी बसून करतो. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पाहुण्यांना माझी ओळख ‘हे कॉम्प्युटर रिपेअर करतात’ अशी करून देतात आणि मी ती दुरुस्त करत नाही. त्यातल्या त्यात ती खरी आहे.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. त्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो होतो. मी सोडून गेलो, तो राहिला आणि सुपरवायझर झाला.

“अरे, तो कॅमेऱ्याचा प्रोग्राम तुझाच ना? फाइलच्या वर तुझं नाव आहे,” तो म्हणाला.

“असेल. का?”

“कुकर कंपनीकडून माल परत आलाय. शेठच्या पोराने फाइल उघडून बघितली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण नाव वाचता आलं. ये जरा.”

“माझा आता काय संबंध?”

“संबंध कुणाचाच नाय. पण एका बाईवर येतंय सगळं. तू येऊन जा, बस.”

मी स्कूटर काढली. कारखान्याच्या दारात संगमरवराची नवी पाटी होती. तिच्यावर ‘डिजिटल परिवर्तन कक्ष’ असं लिहिलं होतं आणि खाली उद्घाटकांची नावं अक्षरांच्या उतरत्या आकारात. सुपरवायझरने चालता चालता इतिहास सांगितला. सहा महिन्यांपूर्वी ब्लेझर घातलेले एक सल्लागार आले. त्यांनी शॉपफ्लोअरवरचे सगळे जुने संगणक काढायला लावले आणि त्यांच्याऐवजी एका थंड खोलीत एक मोठा सर्व्हर बसवला. त्या एकाच्या पोटात आता आठ खोटे संगणक चालतात. आभासी म्हणायचं, पण सुपरवायझर खोटेच म्हणत होता आणि मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही. सर्व्हरसमोर नारळ फोडला तेव्हा पाणी उडून वायरिंगवर गेलं आणि उद्घाटनाचं भाषण इमर्जन्सी लाइटवर झालं. माझं जुनं कॅमेऱ्याचं कार्ड मात्र बदललं नव्हतं. तसलं आता मिळत नाही. ते उचलून सर्व्हरमध्ये घातलं आणि आठातल्या एका खोट्या संगणकाला ‘हे तुझं’ म्हणून दिलं.

लाइनच्या शेवटच्या स्टुलावर त्या बाई, म्हणजे ताई, बसल्या होत्या. चाळिशीच्या, निळा एप्रन, केस जाळीत. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहायच्या. कंत्राटदारामार्फत बारा वर्षं याच स्टुलावर. त्यांचं काम असं: लाल चौकट आली की तो ट्रे बाजूला घेऊन खराब व्हॉल्व्ह काढायचा, हिरवी आली की ट्रे पुढे सरकवायचा आणि खोकं भरलं की त्यावरच्या तपासणीच्या चिठ्ठीवर सही करायची. परत आलेल्या प्रत्येक खोक्याच्या चिठ्ठीवर त्यांची सही होती. महिनाअखेर कंत्राट नवं व्हायचं होतं. चौकशीचा अहवाल त्यांच्या नावाने गेला तर हा कंत्राटदार त्यांना औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाठवणार नव्हता. नवरा आजारपणाने घरी, मुलगी बारावीला. हे त्यांनी सांगितलं नाही, सुपरवायझरने वाटेत सांगितलं होतं.

“सर, तुम्ही पण डोळे तपासायला सांगणार असाल तर तो कागद मी आणलाय,” ताई म्हणाल्या.

“कोणी सांगितलं तपासायला?”

त्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं नाही, इतक्या ठरवून पाहिलं नाही की मला कळलं.

“नंबर तोच आहे. कागदावर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “दिसतं ते मला दिसतं. नसलेलं मशीनला दिसतं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. नवीन सर्व्हर आल्यापासून कधी कधी पडद्यावर हिरवी चौकट यायची, चोवीस प्लग दिसायचे आणि हातातल्या ट्रेमध्ये तेवीस असायचे. रोज नाही, पण व्हायचं. त्यांनी दोनदा सांगितलं. उत्तर मिळालं की मशीन नवीन आहे, तुमची सवय जुनी आहे. दर ट्रे हातात घेऊन बघावा तर लाइन तुंबते. “सही कर, पुढचं मी बघतो,” असं सुपरवायझर म्हणाला होता. हे त्या त्याच्यासमोरच म्हणाल्या आणि तो घड्याळात बघत राहिला.

“आणि मग खंडेनवमी आली,” ताई म्हणाल्या.

अंबरनाथमध्ये खंडेनवमी जोरात असते. ज्या गावाचं निम्मं आयुष्य शस्त्रं बनवण्यात गेलं त्याला शस्त्रपूजेचं सांगावं लागत नाही. या कारखान्यात त्या दिवशी दिवसाचा पहिला ट्रे कॅमेऱ्याखाली ठेवून त्यावर हळदकुंकू वाहतात आणि मशीन चालू करून त्याच कॅमेऱ्याने ट्रेचा एक फोटो काढतात. हा रिवाज मी होतो तेव्हापासूनचा आहे. कॅमेरा हा देव की भक्त हे तेव्हाही ठरलं नव्हतं. एरवी पूजेनंतर सुट्टी असते. यंदा ऑर्डर तातडीची होती म्हणून पेढे वाटून लगेच लाइन सुरू केली.

“मी पूजेत नसते, बाजूला उभी राहते,” ताई म्हणाल्या. “आमच्यात नाही ते. सगळ्यांना माहीत आहे. पेढा खाते. तर पूजेचा ट्रे काढला, दुसरा आला. बघते तर पडद्यावर त्याच्याही तीन व्हॉल्व्हवर कुंकू. ट्रे हातात घेतला, लख्ख. आणि त्या तिनातल्या एकाला प्लगच नाही. पडद्यावर आहे. कुंकू लावलेला.”

“मग तुम्ही काय केलं?”

“फोटो काढला. पडद्याचा आणि ट्रेचा, एकत्र.”

शॉपफ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी आहे. त्यामुळे त्या फोटोची कारखान्याने घेतलेली दखल म्हणजे ताईंना मिळालेला मेमो. फोटोत काय आहे हे मेमोत लिहिलेलं नव्हतं. मी मागितल्यावर त्यांनी मोबाइल एप्रनच्या आतून काढला, म्हणजे मेमोनंतरही त्या तो आणत होत्या. फोटो हलला होता, पण पुरेसा होता. पडद्यावरच्या चित्रात लाल रंग डागासारखा नव्हता. आडव्या, बारीक, सरळ कापलेल्या पट्ट्या होत्या. कुंकू असं सांडत नाही. तो फोटो बघताना मला जे कळलं ते इतर कोणाला कळलं नसतं, कारण त्या पट्टीची लांबी मला पाठ आहे.

इथे थोडं सांगावं लागेल. प्रोसेसरला मेमरी फार लांब वाटते. म्हणून तो एकदा वाचलेली गोष्ट जवळ राखून ठेवतो आणि पुन्हा लागली की तीच वापरतो. त्या राखणीला कॅश म्हणतात आणि ती अशाच ठरावीक लांबीच्या तुकड्यांत होते. बहुतेक ठिकाणी हे उत्तम चालतं. स्वतःची जन्मतारीख डोक्यात ठेवायला हरकत नाही. पण नळाला पाणी आलंय का, हे डोक्यात ठेवून चालत नाही. कालचं उत्तर आज उपयोगाचं नसतं. बदलापुरात तर सकाळचं दुपारी नसतं. तोटी उघडूनच बघावी लागते. कॅमेऱ्याचं कार्ड हे नळासारखं. तिथलं चित्र प्रोसेसरला न विचारता बदलतं. म्हणून मेमरीच्या प्रत्येक भागाला एक प्रकार लावून द्यावा लागतो: इथलं राखून ठेव, इथलं दर वेळी जाऊन बघ. हे प्रकार नीट लावणं, हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे.

सुपरवायझरने मला माझी जुनी फाइल उघडून दिली. वर माझं नाव होतं. मधोमध ती ओळ होती. कार्डाच्या मेमरीला मी ‘राखून ठेव’ असा प्रकार मागितला होता. चुकीचा. त्या ओळीशेजारी रोमन अक्षरांत पण मराठीत एक टीप होती: सध्या चालतंय, नंतर बघू.

चालत का होतं, हेही कळलं. जुन्या संगणकात हा प्रकार दोन ठिकाणी लिहिलेला असे. एक, माझ्यासारखा कोणी मागेल तो. दुसरा, संगणक चालू होतानाच प्रोसेसरमधल्या एका तक्त्यात भरला जाणारा. त्या तक्त्यात कार्डासमोर ‘दर वेळी जाऊन बघ’ असंच होतं. कर्नल दोन्ही बघायचा आणि जो जास्त कडक तो धरायचा. म्हणजे माझी चूक वीस वर्षं कोणीतरी न बोलता सांभाळून घेत होतं आणि मी माझ्या हुशारीवर खूश होतो. खोट्या संगणकात तो तक्ता कोराच होता. कोरा दिसला की कर्नल धरून चालतो की सगळीच मेमरी साधी आहे, आणि मागणाऱ्याचं ऐकतो. खालचा थर, जो हे आठ खोटे संगणक चालवतो, तो अशा वेळी सहसा मध्ये पडतो. पण सल्लागारांनी वेग वाढावा म्हणून त्याची एक सेटिंग बदलली होती: पाहुणा, म्हणजे खोटा संगणक, म्हणेल तसं. पाहुण्याने माझं ऐकलं. प्रोसेसर कार्डावरचं चित्र राखून ठेवू लागला, आणि नवा ट्रे आला की त्याच्या चित्रात मध्येमध्ये आधीच्या ट्रेचे तुकडे बसू लागले. रिकाम्या भोकात आधीच्याचा प्लग. एरवी सगळे प्लग सारखेच, कुणाला काय कळणार. कुंकवामुळे एका दिवसापुरता एका ट्रेला चेहरा आला आणि ताईंनी तो ओळखला.

मी शेठच्या मुलाला बोलवायला सांगितलं. तिशीचा असेल. बाहेर शिकून आलेला, माझ्याशी अदबीने वागणारा.

“अंकल, केस सिंपल आहे,” तो म्हणाला. “मशीन बोलली ओके, बाईने सही केली. मशीनचा लॉग क्लीन आहे. मग राहिलं कोण?” मग आवाज उतरवून: “और वो पूजा में भी नहीं आती. तो कुंकवाचा फोटो तिनेच कशाला काढला? समझो जरा.”

सुपरवायझर आपल्या बुटांकडे बघत होता. ताई आठ-दहा पावलांवर उभ्या होत्या आणि त्यांना ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही. तेव्हा मला वाटलं की प्रात्यक्षिक केलं की बोलायची गरजच पडणार नाही. माझ्यासारख्या माणसांचा यावर फार विश्वास असतो.

मी ताईंना भरलेला ट्रे कॅमेऱ्याखाली ठेवायला सांगितलं. हिरवी चौकट. मग पूर्ण रिकामा ट्रे, एकही व्हॉल्व्ह नसलेला. लाल चौकट आली, पण चित्रात रिकाम्या ट्रेवर अधांतरी व्हॉल्व्ह दिसत होते. काही पूर्ण, काही अर्धे कापलेले, मोजले तर नऊ. शेठच्या मुलाने पुन्हा करायला लावलं. या वेळी सहा. तिसऱ्यांदा त्याने ट्रे स्वतः ठेवला. अकरा.

“ये कब से हो रहा है?”

“सर्व्हर आल्यापासून.”

“म्हणजे तेव्हापासूनचे सगळे ट्रे...”

“सगळ्यांबद्दल सांगता येणार नाही. कुठल्याहीबद्दल सांगता येणार नाही.”

त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला दिसत होतं: सहा महिन्यांचा माल, कुकर कंपनीचा ऑडिटर, आणि दारातली संगमरवरी पाटी. ताईंनी रिकामा ट्रे उचलून जागेवर ठेवला.

आता इथे मी दुसरी चूक केली. पहिली वीस वर्षांपूर्वीची, ती अजाणता होती. त्या क्षणी माझ्याकडे त्यांना हवी असलेली एक गोष्ट होती. मी म्हणू शकलो असतो की आधी अहवालात खरं लिहा, मग दुरुस्ती देतो. पण दुरुस्ती एका शब्दाची होती आणि मला ती दाखवायची घाई झाली होती. खुर्चीत बसलो, शब्द बदलला, प्रोग्राम पुन्हा बांधला, चढवला. रिकामा ट्रे रिकामा दिसला. पाच-सहा जण मागे जमले होते, कोणीतरी “वा” म्हणालं. त्या एका ‘वा’ला मी ताईंच्या बाजूचं सगळं वजन देऊन टाकलं, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

दोन दिवसांनी अहवालाची बैठक होती. मला पाहुणा म्हणून बोलावलं. सल्लागार पडद्यावरून हजर होते. मागे पुस्तकांचं कपाट होतं आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले की ही घटना म्हणजे परिवर्तनाच्या प्रवासातली एक समृद्ध करणारी शिकवण आहे. त्यांनी बदललेल्या सेटिंगबद्दल मी विचारलं तर म्हणाले, त्या वेळी तीच सर्वोत्तम प्रथा होती. कुणाची, ते सांगितलं नाही.

अहवालाचा छापील नमुना असतो. मूळ कारण लिहायला चार रकाने: माणूस, मशीन, माल, पद्धत. शेठच्या मुलाने एकेक घेतला. मशीनमध्ये लिहिता येत नव्हतं, कारण मशीनचं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. माल कुकर कंपनीनेच मंजूर केलेला. पद्धत ऑडिटरने तपासलेली.

“माझी चूक आहे. माणूसमध्ये माझं नाव लिहा,” मी म्हणालो.

“अंकल, तुम्ही ना एम्प्लॉयी, ना व्हेंडर. तुमचं नाव टाकलं तर ते विचारणार, हा कोण, आणि याचा प्रोग्राम अजून कशाला चालवता?”

“मग तेही लिहा.”

“मग ते विचारणार, किती ट्रे.”

मी सुपरवायझरकडे पाहिलं. बाईंनी आधी दोनदा सांगितलं होतं, हे सांगू शकणारा त्या खोलीत तो एकटाच होता. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. निवृत्तीला त्याची दोन वर्षं राहिली होती. शेवटी तो म्हणाला, “तशी बाई चांगली आहे, साहेब.” हे अहवालात कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

रकान्यात लिहिलं गेलं ते असं: अंतिम तपासनिसाचे दुर्लक्ष. उपाययोजना या सदरात: प्रणाली अद्ययावत केली. तो माझा एक शब्द. त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मला बैठकीत कळली नाही: अंतिम तपासणी पूर्णतः स्वयंचलित. मशीनला आता नीट दिसत होतं, तर शेवटच्या स्टुलावर माणूस कशाला? म्हणजे अहवालात त्यांचं नाव आलं नसतं तरी स्टूल गेलंच असतं. माझ्या चुकीने ताईंवर आळ आला आणि माझ्या दुरुस्तीने त्यांची जागा गेली. इतकं नीटनेटकं काम मी एरवी कधी केलेलं नाही.

मी कुकर कंपनीच्या गुणवत्ता विभागाला पत्र पाठवलं. काय झालं, केव्हापासून, कुणामुळे, सगळं लिहिलं. लगेच उत्तर आलं. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार, आपला अभिप्राय योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. हे उत्तरही राखून ठेवलेलं होतं, हे उघड आहे. पुढे काही आलं नाही. आठवण करून दिली तेव्हा तेच पुन्हा आलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्यात गुणवत्तेचा कार्यक्रम झाला आणि मला शाल आणि नारळ दिला. मी नको म्हणायला गेलो होतो. लोक खरंच असं म्हणतात आणि मग शाल घेतात, हे मी इतरांच्या बाबतीत हसत हसत सांगत आलो आहे. शेठ स्वतः उठले, वयाने मोठे, त्यांनीच मला पहिली नोकरी दिली होती. त्यांनी शाल पांघरली आणि मी मान वाकवली. फोटो निघाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत निळे एप्रन होते. ताई नव्हत्या. कंत्राटदाराने त्यांना सोमवारीच फोनवर सांगितलं होतं की येऊ नका.

मी त्यांच्या घरी गेलो. कॅम्प पाचमध्ये, जीन्स धुण्याच्या कारखान्यांमागची गल्ली, पहिला मजला. पलंगावर त्यांचे यजमान झोपले होते. ताईंनी पाणी दिलं. मी माफी मागितली. चूक माझी होती, वीस वर्षांपूर्वीची, हे नीट सांगितलं, नळाच्या उदाहरणासकट. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे मला दिसलं ते खरं होतं,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण खरं होतं.”

“हे लिहून द्याल?”

मी म्हणालो, देतो. दोन दिवस घेतले. पहिला मसुदा मला आवडला, म्हणून टाकून दिला. दुसऱ्यात साध्या मराठीत लिहिलं की या बाईंनी मशीनची अशी अशी चूक स्वतःच्या डोळ्यांनी पकडली, वेळेवर सांगितली, त्यांचं ऐकलं गेलं नाही. चूक माझ्या प्रोग्रामची होती. मला या कामाचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. तपासणीच्या कामासाठी यांच्याइतकी विश्वासू व्यक्ती मी पाहिलेली नाही. खाली सही, पत्ता, फोन. लेटरहेड नव्हतं, ते मुद्दाम छापून घ्यावंसं वाटलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवं होतं. खऱ्या गोष्टीलाही वर काहीतरी छापलेलं लागतं.

पंधरा-वीस दिवसांनी ताईंचा फोन आला.

“दाखवलं सर पत्र. वसाहतीतच, दुसरीकडे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करतात तिथे. तिथल्या सुपरवायझरने सगळं वाचलं, दोनदा वाचलं.”

“मग?”

“म्हणाला, बाई, आमच्याकडे पण कॅमेरा आहे. तुम्ही याच्यात पण काहीतरी काढाल.”

“असं म्हणाला?”

“हसत म्हणाला. वाईट नव्हता माणूस. आणखी दोन ठिकाणी गेले. एकाने विचारलं, हे सर कोणत्या कंपनीचे. मी म्हटलं, घरी असतात. त्याने परत दिलं.”

मी विचारलं, सध्या काय चाललंय.

“धागे कापते. इथेच गल्लीत, जीन्सचे. बसून असतं. डोळ्यांना जरा त्रास होतो, निळ्यावर निळा धागा दिसत नाही लवकर.”

“नंबर तपासून घ्या,” मी म्हणालो. तोंडातून गेल्यावर कळलं की काय बोललो.

मग त्या म्हणाल्या, “ते पत्र, सर. मुलगी म्हणते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवू. ठेवू का? तुम्हाला परत लागेल?”

मी म्हणालो, मला नको, तुमच्याकडेच असू द्या.

“बरं,” ताई म्हणाल्या. “पण कुणाला दाखवायचं नाही ना आता?”

“आता नको,” मी म्हणालो.